पंखे फिरतायत पण डिस्प्ले नाही: जुन्या पीसीत नवं ग्राफिक्स कार्ड का अडतं

कोथरूडला ताईकडे गेलो तेव्हा भाचा हॉलमधे फरशीवर मांडी घालून बसलेला, समोर कॅबिनेट आडवं, त्याचा पत्रा भिंतीला टेकवलेला, स्क्रू आमटीच्या वाटीत, आणि चेहरा असा की कोणीतरी वारलंय. "मामा, कार्ड डेड आलंय." इंटर्नशिपच्या पैशातून घेतलेलं नवं कोरं कार्ड, आरटीएक्स ३०५०, ८ जीबीवालं. पीसी मात्र दाजींनी २०१२ मधे असेंबल करून घेतलेला, आय-फाईव्ह थर्ड जनरेशन, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, मधे कधीतरी रॅम वाढवली, हार्डडिस्क जाऊन एसएसडी आली, बाकी सगळं दुकानातून आलं तसंच. कार्ड लावून बटण दाबलं की पंखा अर्धा गरका घेतो आणि सगळं बंद. कार्ड काढलं की पीसी मजेत चालू.

आता यावरून कार्ड खराब आहे असं कोणालाही वाटेल. पण थांबा. कार्ड काढल्यावर पीसी चालतो याचा अर्थ एवढाच की कार्डाशिवाय पीसी चालतो. इतकी वर्षं त्या मशीनला कोणी जड काम सांगितलंच नव्हतं, ताईचं टॅली, दाजींचे शेअर्स, यूट्यूब, झालं. अर्धा किलो वजन उचलणारा माणूस सुदृढ आहे की नाही हे गोणी उचलायला दिल्यावरच कळतं ना, तसं आहे हे. माझ्या आजवरच्या अनुभवात "नवीन कार्ड डेड आलंय" म्हणून ज्या केसेस आल्या त्यातल्या बहुतेक वेळा कार्ड ठणठणीत होतं, जुन्या मशीनमधलं काहीतरी पहिल्यांदाच उघडं पडलं होतं.

त्यामुळे मी एकच सवय लावून घेतलीये आणि तीच इथे सांगायचीये. काय बिघडलंय हे विचारायच्या आधी गाडी कुठपर्यंत जाऊन अडतीये ते बघायचं. बटण दाबल्यापासून गेम चालेपर्यंत पीसी ठरलेल्या क्रमाने पुढे जातो. आधी एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज पीसीला लागेल तशी करून देणारा डबा, चालू होतो, मग मदरबोर्ड प्रोसेसर आणि रॅम तपासतो, मग ग्राफिक्स कार्डाला हाक मारतो, मग स्क्रीनवर काहीतरी दिसतं, मग विंडोज, मग ड्रायव्हर, आणि सगळ्यात शेवटी कार्डावर खरा लोड. पंखा अर्धा फिरून बंद झाला तर तुम्ही पहिल्याच पायरीवर आहात, तिथे ड्रायव्हर पुन्हा टाकून काहीही होणार नाही. गेम सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी बंद पडतंय तर बायोसला, म्हणजे मदरबोर्डवरच्या पीसी उठवणाऱ्या प्रोग्रामला, शिव्या घालण्यात अर्थ नाही, बायोसनं त्याचं काम केव्हाच केलंय. लोकांचा दिवस दिवस वाया जातो तो चुकीच्या पायरीवर खटपट केल्यामुळे.

आमचं पहिल्या पायरीवरच अडलं होतं. म्हणजे करंट.

हे जरा सविस्तर सांगतो कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. ग्राफिक्स कार्ड ज्या लांब स्लॉटमधे बसतं तो स्लॉट स्वतः जास्तीत जास्त ७५ वॅट देऊ शकतो, त्यातले १२ व्होल्टच्या लाईनवरून ६६ च्या आसपास. त्याहून जास्त लागत असेल तर कार्डाच्या कडेला वेगळं पॉवरचं सॉकेट असतं, ६ पिनचं असेल तर आणखी ७५ वॅट, ८ पिनचं असेल तर १५० वॅट. ही ३०५० आहे १३० वॅटची, म्हणजे स्लॉटच्या भरवशावर चालणं शक्यच नाही, एसएमपीएसमधून थेट वायर लागते. आणि दाजींच्या एसएमपीएसला तशी वायर नव्हतीच. मग भाच्यानं काय केलं, ऑनलाईन एक कन्व्हर्टर मागवला, एका बाजूला साटा पॉवर, दुसऱ्या बाजूला ८ पिन, आणि तो लावला.

मी तो हातात घेतला आणि आधी स्विचबोर्डवरचं बटण बंद केलं.

साटा पॉवरचा जो चपटा कनेक्टर असतो ना, हार्डडिस्कला लावतो तो, त्यात १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि एक पिन दीड अँपिअरची. तीन गुणिले दीड साडेचार अँपिअर, गुणिले १२ व्होल्ट, झाले ५४ वॅट. आणि ८ पिनवर कार्ड मागू शकतं १५० पर्यंत. ते कन्व्हर्टर बनवणाऱ्यानं दोन वायरी जोडून दिल्या पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. वाईट भाग हा की कार्ड समजूतदारपणे कमी घेत नाही, ते ओढत राहतं, त्या बारक्या पिना तापतात, प्लास्टिक वितळतं. पंखा अर्धा गरका घेऊन बंद पडला हे नशीब म्हणायचं, एसएमपीएसच्या आतलं संरक्षण जागं होतं. साटाचा कन्व्हर्टर ग्राफिक्स कार्डाला लावू नका, कोणी दुकानदार "चालतं हो साहेब, सगळे लावतात" म्हणाला तरी नाही. एसएमपीएसला कार्डाची वायर नाही याचा अर्थच असा घ्यायचा की बनवणाऱ्यानं तो एसएमपीएस असल्या कार्डासाठी बनवलेलाच नाही.

याच्याच शेजारची दुसरी चूक. प्रोसेसरसाठी मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात जाणारी वायर पण ८ पिनची असते आणि लांबून सारखीच दिसते, पण तिच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंड बरोब्बर उलट्या बाजूंना असतात. पिनांचे आकार वेगळे ठेवलेत म्हणून ती सहज बसत नाही. बसत नाहीये म्हणून जोर लावू नका.

"पण मामा, साडेचारशे वॅटचा आहे की तो." हो, स्टिकरवर तसं मोठ्या आकड्यात छापलेलं होतं. त्याच स्टिकरवर खाली बारीक अक्षरात एक तक्ता असतो आणि खरी गोष्ट तिथे लिहिलेली असते. कुठल्या लाईनला किती अँपिअर. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, हे सातवी आठवीचं गणित. आमच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली होते १६ अँपिअर, म्हणजे १९२ वॅट. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. उरलेले वॅट कुठून आले? ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्टच्या लाईनी धरून, आणि थोडे छापणाऱ्याच्या उत्साहातून. पेंटियम ४ च्या आधी प्रोसेसर ५ व्होल्टवरून बराच करंट घ्यायचे तेव्हा त्या आकड्याला किंमत होती, पेंटियम ४ पासून, म्हणजे साधारण २००० पासून सगळा भार १२ व्होल्टवर सरकला आणि आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही तिथेच जेवतात. आमचा हिशोब साधा होता, प्रोसेसर ७७ वॅट, कार्ड १३०, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून चाळीस पन्नास धरा, अडीचशे झाले, त्यातला जवळजवळ सगळा भार १२ वर. १९२ मधून कसे देणार? शिवाय हे १९२ नवीन असतानाचे. तेरा वर्षं उन्हाळे सोसले की आतले कपॅसिटर म्हातारे होतात, आणि कार्ड काही सरळ रेषेत करंट घेत नाही, मिलिसेकंदापुरते मोठे मोठे झटके देऊन ओढतं. जुन्या वाड्यातल्या वायरिंगवर एसी लावल्यासारखं, कॉम्प्रेसर चालू होतो त्या क्षणाला फ्यूज जातो.

मल्टीमीटर असेल तर १२ व्होल्टची पिवळी वायर तपासता येते, ११.४ ते १२.६ च्या मधे असायला हवी, पण लोड असताना बघा. नुसता चालू करून १२.१ आलं म्हणून पास करू नका, रिकामी बस चढ चढतेच. ते पेपरक्लिप घालून एसएमपीएस चालू करायची युक्ती सुद्धा एवढंच सांगते की तो चालू होतो.

तर दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात. बुधवार पेठेत ज्यांनी कधी पार्किंग शोधलंय त्यांना मी काही सांगायला नको, गाडी लांब लावली आणि चालत गेलो. एसएमपीएस घेताना मी दुकानदाराला वॅट विचारलेच नाहीत, म्हटलं डबा उघडून स्टिकर दाखवा, १२ व्होल्टला किती अँपिअर आहेत आणि ६ अधिक २ पिनची वायर आहे का. त्यानं पण मग नीट माल काढला. ५५० वॅटचा घेतला, १२ वर ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॅट एकट्या त्या लाईनवर. हा फरक बघा, चांगल्या एसएमपीएसमधे स्टिकरचा जवळजवळ सगळा आकडा १२ वर असतो. ८० प्लस वगैरे बिल्ला असतो तो एफिशियन्सीचा, म्हणजे वीज किती वाया जात नाही याचा, तो असला तर चांगलंच पण तेवढ्यावर जाऊ नका. तिथेच एक छोटा बझर पण घेतला, मदरबोर्डच्या चार पिनांवर लावायचा, किरकोळ किंमत, हल्ली कॅबिनेटबरोबर येत नाही आणि मग बोर्ड ओरडून ओरडून सांगत असतो ते कोणाला ऐकूच येत नाही.

घरी येऊन जोडलं. बटण दाबलं. सगळे पंखे फिरले, कार्डाचे पण. भाच्यानं टाळी वाजवली. स्क्रीन काळी.

पण म्हणून आपण तिथेच आहोत असं नाही, आपण एक पायरी वर आलोय. करंटचा प्रश्न बहुतेक संपला, आता प्रश्न ओळखीचा. इथे आधी फुकटातल्या गोष्टी बघून घ्यायच्या, आणि मी बघितल्या, कारण पहिलीच चूक आमच्याकडे झालेली. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्याच पोर्टला लावलेली. हसू नका, इंजिनियर लोकांना करताना बघितलंय. कार्ड लावल्यावर केबल कार्डाला लावायची, खाली आडव्या रांगेत असलेल्या पोर्टांना. आणि दाजींचा मॉनिटर निळ्या व्हीजीए केबलचा, नव्या कार्डांना व्हीजीए नसतंच, एनव्हिडियानं जीटीएक्स १० च्या सिरीजपासून अ‍ॅनालॉग सिग्नलच काढून टाकला, त्यामुळे जुना तो डीव्हीआय-ते-व्हीजीए चा ठोकळा लावून पण काही येत नाही. एचडीएमआय ते व्हीजीए असा आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. आम्ही शेजारच्या काकूंकडून एचडीएमआयवाला टीव्ही... म्हणजे काकूंच्या मुलाचा मॉनिटर उसना आणला.

मग कार्ड पूर्ण बसलंय का. स्लॉटच्या टोकाला एक खटका असतो, तो टक् वाजला पाहिजे. जुनी कॅबिनेटं थोडी वाकलेली असतात, मागचा स्क्रू आवळला की कार्डाचं दुसरं टोक दोन मिलिमीटर वर उचललं जातं, दिसत पण नाही. पावसाळ्यात पुण्याच्या जुन्या घरांत ओल इतकी असते की रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात, त्या पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हाताने पुसल्या की कितीतरी मेलेले पीसी उठून बसतात, कण झटकून टाका मात्र. आणि बाकी सगळं काढून बघा, एकच रॅम, एसएसडी पण काढा, फक्त बोर्ड, प्रोसेसर, रॅम, कार्ड. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि पीसी चालू झाला तर कशानं झाला ते कळत नाही, आणि उद्या परत बंद पडला तर पुन्हा शून्यापासून.

एवढं करूनही काळंच. पण बझर वाजला, एक लांब, दोन छोटे. अवॉर्डच्या बायोसमधे याचा अर्थ डिस्प्लेची तक्रार. एएमआयच्या बायोसमधे आठ छोट्या बीप म्हणजे तेच. बोर्ड सांगत होता की मी उठलोय, रॅम बघितली, पण समोर जो बसलाय तो कोण आहे मला कळत नाहीये.

हे असं का होतं ते मी भाच्याला मोडी लिपीवरून सांगितलं. भारत इतिहास संशोधक मंडळात जुनी कागदपत्रं आहेत ना, मराठीच आहेत, आपलीच भाषा, पण मोडीत लिहिलेली, आपल्याला वाचता येत नाहीत. तसं प्रत्येक ग्राफिक्स कार्ड स्वतःची ओळख करून देणारी एक चिठ्ठी चिपमधे घेऊन येतं. विंडोज, ड्रायव्हर यातलं काही सुरू व्हायच्या आधी बोर्ड ती चिठ्ठी वाचतो आणि तिच्यावरून स्क्रीनवर पहिलं अक्षर उमटतं. जुन्या बायोसला मोडी येते. नवी पद्धत यूईएफआय, तिला देवनागरी म्हणू. मधल्या काळातल्या बोर्डांवर सीएसएम नावाचा एक दुभाषा असतो, तो यूईएफआयला मोडी वाचून दाखवतो. कार्डं बहुतेक वेळा दोन्ही लिपीत चिठ्ठी आणतात, पण ती लिहिणारे आजचे बोर्ड डोळ्यासमोर ठेवून लिहितात, जुना भाग कोणी फारसा तपासत बसत नाही, आणि जुन्या बायोसला अशी चिठ्ठी ठेवायला मेमरीत जागा पण इवलीशी असते. मग गाडी तिथेच अडते. हे उलट्या बाजूनेही होतं बरं का, २०११-१२ च्या आधीचं कार्ड नव्या बोर्डवर लावलं आणि सीएसएम बंद असेल तर डिस्प्ले येत नाही, कारण त्या कार्डाकडे फक्त मोडी.

२०१० ते २०१३ च्या बोर्डांचं दुखणं हेच आहे, ती लिपी बदलायच्या ऐन काळातली आहेत. विंडोज ८ ऑक्टोबर २०१२ मधे आलं आणि त्याच्याबरोबर सिक्युअर बूट, जे यूईएफआयवरच चालतं, तेव्हा बोर्ड बनवणाऱ्यांनी घाईघाईत यूईएफआय नीट करायला घेतलं. ऑफिसातून निघालेली ब्रँडेड रिफर्बिश मशीनं घेता तुम्ही स्वस्तात, त्यात हा प्रश्न फार येतो, आणि त्यांचा एसएमपीएस पण वेगळ्याच आकाराचा, वेगळ्याच कनेक्टरचा, बाजारातला बसत नाही. असलं मशीन असेल तर कार्ड घ्यायच्या आधी त्याच मॉडेलवर तेच कार्ड कोणी चालवलंय का ते शोधा, हा एक तास वाचवू नका.

उपाय काय, तर बायोस अपडेट. कार्ड काढलं, केबल परत मदरबोर्डला, आय-फाईव्हला स्वतःचं ग्राफिक्स आहे म्हणून हे जमलं, ज्यांच्या प्रोसेसरला नाही त्यांनी जुनं कुठलंही कार्ड उसनं आणा. बायोसमधे गेलो तर व्हर्जन २०१२ चंच, दुकानातून आलं तेव्हाचं. कंपनीच्या साईटवर याच बोर्डचं शेवटचं २०१३ चं होतं. बोर्डचं पूर्ण नाव, त्यावरचा रिव्हिजन नंबर, दोन्ही जुळवायचं, रिव्हिजन चुकला तर बोर्ड गेला. फाईल एफएटी-३२ केलेल्या पेन ड्राईव्हवर. आणि अपडेट चालू असताना लाईट जाता कामा नये, अर्ध्यात लाईट गेली तर बोर्डला ना जुनी लिपी येते ना नवी. तो दिवस होता बुधवार, मी मुद्दाम त्याच रात्री करू म्हटलं, कारण गुरुवारी पुण्यात देखभालीच्या नावाखाली लाईट कधी जाईल सांगता येत नाही. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी कधी बदलली होती ते दाजींना आठवेना, म्हणून आधी यूपीएसचा प्लग काढून बघितला पीसी टिकतो का. टिकला पाच मिनिटं. मग केलं.

एक तिथलीच गंमत सांगतो, ज्यानं कितीतरी लोक घाबरतात. माझ्या आधी भाच्यानं कुठलातरी व्हिडिओ बघून कार्ड काढून बायोसमधे सीएसएम बंद केलं होतं, आणि विंडोजच गायब झालं होतं त्याचं. काही गायब होत नाही. जुन्या पद्धतीनं टाकलेलं विंडोज डिस्कवर एमबीआर प्रकारच्या पार्टिशनवर असतं आणि सीएसएम शिवाय ते बूट होत नाही, सीएसएम परत चालू केलं की येतं. कायमचं यूईएफआयवर जायचं असेल तर विंडोज १० च्या १७०३ व्हर्जनपासून एमबीआर-टू-जीपीटी नावाचं टूल विंडोजमधेच असतं, डेटा न उडवता बदलून देतं, तरी फोटो बिटो आधी दुसरीकडे काढून ठेवा, ताईचं टॅली उडालं असतं तर मला त्या घरात चहा मिळाला नसता.

अपडेट झाल्यावर बायोसमधे डिस्प्लेची पहिली पसंती कुठली ते ठरवायचं असतं, वेगवेगळ्या बोर्डवर नाव वेगळं, पेग किंवा पीसीआय-ई (म्हणजे कार्डाचा तो लांब स्लॉट) निवडायचं, आयजीएफएक्स म्हणजे बोर्डचं स्वतःचं. निवडलं, सेव्ह केलं, बंद केलं, कार्ड लावलं, केबल कार्डाला. बटण. बोर्डचा लोगो दिसला.

सकाळी भाच्याचा फोन. परत काळं.

तारीख बघ म्हटलं. कार्ड काढून बघितलं तर घड्याळ २०१२ मधे. मदरबोर्डवर नाण्यासारखा सेल असतो, सीआर-२०३२, ३ व्होल्टचा, तो संपला की स्विचबोर्ड बंद केल्यावर बायोस सगळी सेटिंग विसरतो आणि ताई रात्री मेन बटण बंद करते, चांगली सवय आहे ती. रात्री ठरवलेलं सगळं सकाळी पुसलेलं. इतकी वर्षं सेटिंग विसरलं तरी कोणाचं काही अडत नव्हतं, घड्याळ इंटरनेटवरून परत लागायचं, आता कार्ड त्याच सेटिंगवर अवलंबून होतं. सेल घड्याळवाल्याकडे मिळतो. तो बदलला, सेटिंग परत केली, तेव्हापासून हे नाटक बंद.

आता विंडोज आणि ड्रायव्हर, हे पटकन उरकतो. जुना ड्रायव्हर सेफ मोडमधे जाऊन डीडीयू नावाच्या टूलनं पूर्ण काढायचा आणि मग नवा टाकायचा, आधी दुसऱ्या कंपनीचं कार्ड असेल तर हे कराच. विंडोज ३२ बिट असेल तर विसरा, एनव्हिडियानं ३२ बिटसाठी नवे ड्रायव्हर २०१८ मधेच थांबवले. विंडोज ७ पण तसंच, ३०५० आलं जानेवारी २०२२ मधे आणि त्याच्या आधीच विंडोज ७ चे गेमवाले ड्रायव्हर बंद झाले होते. विंडोज १० चालतं, पण मायक्रोसॉफ्टचा त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि थर्ड जनरेशनचा आय-फाईव्ह विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, हे माहीत असूद्या.

चालू झाल्यावर जीपीयू-झेड नावाचं फुकट टूल टाकून बस इंटरफेस बघा. ३०५० ला आठच लेन, म्हणजे कार्ड आणि बोर्डमधले डेटाचे रस्ते, आहेत. स्लॉट लांब दिसतो म्हणून सोळा लेन वापरल्या जातातच असं नाही, कार्डाच्या आतूनच आठ जोडलेल्या. पीसीआय-ई ३.० ची एक लेन सेकंदाला साधारण १ जीबी नेते, २.० ची त्याच्या निम्मं. आय-फाईव्ह थर्ड जनरेशन ३.० देतो, सेकंड जनरेशन २.० वरच थांबतो. नवं कार्ड जुन्या स्लॉटमधे चालतं, ते मागे सुसंगत ठेवलेलंच आहे, फक्त रस्ता अरुंद होतो. आठ लेनला फार फरक पडत नाही पण आरएक्स ६४०० सारखं कार्ड घ्याल तर त्याला चारच लेन आहेत, २.० वर म्हणजे २ जीबी, तिथे मात्र अडखळतं. टूलमधला आकडा बघताना आधी त्यातली छोटी रेंडर टेस्ट चालू करा, कार्ड निवांत असताना मुद्दाम लेनचा वेग उतरवून बसतं आणि लोक उगाच घाबरतात.

ज्यांनी अजून काही घेतलेलं नाही त्यांच्यासाठी माझं मत. एसएमपीएस बदलायची तयारी नसेल तर कार्डाच्या कडेला सॉकेटच नाही असं घ्या, स्लॉटच्या ७५ मधे भागणारं. जीटी १०३० फक्त ३० वॅटचं आहे पण त्याचं डीडीआर-४ मेमरीवालं व्हर्जन पण आलं होतं २०१८ मधे, तेच नाव आणि स्पीड बराच कमी, खोक्यावर जीडीडीआर-५ वाचून घ्या. जीटीएक्स १६५० ७५ वॅटचं, त्यातल्या काहींना ६ पिन असते, फोटो बघून घ्या. ३०५० चं ६ जीबीवालं ७० वॅटचं आहे, भाच्यानं मला आधी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं आणि तपकीर गल्लीची फेरी वाचली असती, बायोसची वाचली नसती. इंटेलचं आर्क मात्र या वयाच्या मशीनमधे नको, त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतं आणि इंटेल स्वतःच टेन्थ जनरेशन किंवा पुढचं सांगतं.

राहिला यूपीएस. तो ६०० व्हीएचा, घरोघरी असतो तसा, व्हीए म्हणजे वॅट नव्हे, खरे ३६० वॅटच्या आसपास आणि तेही बॅटरी नवी असताना. पूर्वी पीसी आणि मॉनिटर मिळून शंभराच्या आतबाहेर घ्यायचे. आता गेम चालू असताना गुरुवारी लाईट गेली आणि यूपीएसनं एक टूं केलं आणि सगळंच बंद. भाचा परत म्हणाला कार्ड. मी म्हटलं लाईट असताना बंद पडतं का? नाही. मग कार्ड कसं? बॅटरी बदलली, आणि आफ्टरबर्नर नावाच्या टूलमधे कार्डाची पॉवर लिमिट ऐंशी टक्क्यांवर आणली, फ्रेम साठवर बांधले, आवाज पण कमी झाला. आता लाईट गेली की सेव्ह करून बंद करण्याएवढा वेळ मिळतो. साटाचा तो कन्व्हर्टर मी मधोमध कापून मग कचऱ्यात टाकला, नाहीतर कोणीतरी ड्रॉवरमधून काढून परत लावला असता.